बेंबीतला लाल कोंब

नाळ वाळून पडली की घराचा जीव भांड्यात पडतो. बाळाच्या पोटावरचा तो काळपट, कडक झालेला तुकडा गेला, आता बारशाला हरकत नाही, असे आजी म्हणते आणि माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो. बहुतेक घरांत बेंबीची गोष्ट तिथेच संपते. काही घरांत मात्र नाळ पडून आठ-दहा दिवस उलटले तरी बेंबी कोरडी होत नाही. झबल्याच्या आतल्या बाजूला रोज पिवळट, चिकट डाग दिसतो. न्हाऊ घालणारी बाई बेंबीच्या वळ्या दोन बोटांनी किंचित फाकवून पाहते, तो तळाशी मसुराच्या डाळीएवढा, क्वचित वाटाण्याएवढा, ओलसर लाल कोंब बसलेला असतो. बाळ हसते-खेळते, दूध पिते, रात्री झोपते. ताप नाही, रडे नाही. मग घरात मते पडू लागतात. कोणी हळद सुचवते, कोणी तुरटी, कोणी म्हणते की बेंबी अजून ‘भरतेय’, थोडे थांबावे.

थांबावे की न थांबावे, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. कारण असा लाल कोंब दिसण्याची कारणे मुख्यतः दोन असून ती दिसायला सख्ख्या भावंडांसारखी आणि स्वभावाने अगदी निराळी आहेत. एक नेहमीचे, बहुधा किरकोळ. त्याला डॉक्टर ‘अंबिलिकल ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. नाळ पडल्यावर उरलेली जखम त्वचेने झाकली जाण्याऐवजी तिथे जखम भरणाऱ्या ऊतींची जरुरीपेक्षा जास्त वाढ होते, एवढाच त्याचा अर्थ. ते जन्मजात नसते. नाळ पडल्यानंतर तयार होते. दुसरे क्वचितच आढळणारे आणि खऱ्या अर्थाने जन्मजात : ‘अंबिलिकल पॉलिप’. ही जखमेची ऊती नव्हे. तो बेंबीत राहून गेलेला आतड्याच्या अस्तराचा, कधी जठराच्या अस्तराचाही, तुकडा असतो. बेंबीवर आतड्याचे अस्तर यावे कसे, हे समजून घ्यायचे तर बाळ आईच्या पोटात जेमतेम बोराएवढे होते त्या दिवसांपर्यंत मागे जावे लागते.

गर्भ पहिल्या काही आठवड्यांचा असताना त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटी पिशवी असते. पक्ष्याच्या अंड्यात जो पिवळा बलक, त्याच्याच जागी असलेला हा पीतककोश. कोंबडीच्या पिल्लाचे सारे पोषण त्या बलकावर होते; मनुष्याच्या गर्भाला वारेकडून रक्त मिळू लागते, म्हणून त्याला या शिदोरीचे काम थोडाच काळ पडते. पण तेवढ्या काळात पीतककोश आणि गर्भाचे घडू लागलेले आतडे यांना जोडणारी एक बारीक नळी तयार झालेली असते. वैद्यकात तिला ‘व्हायटेलो-इंटेस्टायनल डक्ट’ म्हणतात. ती नाळेच्या मुळातून जाते. पुढे आतड्याची लांबी इतक्या झपाट्याने वाढते की सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते पोटात मावेनासे होते आणि त्याचे एक वेटोळे चक्क नाळेच्या मुळात बाहेर येऊन राहते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते स्वतःभोवती वळसा घेत पुन्हा पोटात परतते. मोठ्या माणसाच्या शरीरात ज्याला हर्निया म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेतात, ते गर्भात प्रत्येकाचे झालेले असते, आणि आपोआप बरे झालेले असते! या धामधुमीत, सातव्या ते नवव्या आठवड्याच्या आसपास, ती जोडनळी बारीक होत होत तुटते आणि विरघळून नाहीशी होते. बहुतेक मातांना तोवर आपण गर्भवती आहोत हे कळून फार दिवस झालेले नसतात.

याच नाळेच्या मुळातून दुसरी एक वाटही जाते. ती मूत्राशयाच्या टोकापासून बेंबीपर्यंत येते; तिचे नाव ‘युरेकस’. तीही जन्मापूर्वी बंद होऊन नुसत्या दोऱ्यासारखी उरते आणि पोटाच्या आतल्या बाजूने आयुष्यभर तशीच राहते. म्हणजे जन्मलेल्या बाळाच्या नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला एवढेच चालू असावे, बाकीच्या दोन वाटा केव्हाच बुजलेल्या असाव्यात, असा निसर्गाचा क्रम आहे. क्रम चुकतो तो बुजण्यात.

आतड्याकडची नळी कोठे उरली, किती उरली, यावर पुढचे सारे अवलंबून असते. संपूर्ण नळी उघडी राहिली, तर बेंबीतून वारा सरतो, हिरवट-पिवळा मळ येतो. मधला भाग तेवढा उरला, तर दोन्ही टोकांना बंद अशी द्रवाने भरलेली गाठ पोटात राहते. नळी पोकळ न राहता आतड्यापासून बेंबीपर्यंत ताणलेल्या दोरीसारखी उरली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. पण त्या दोरीभोवती एखाद्या दिवशी आतड्याला पीळ बसू शकतो. आतड्याकडचे टोक उरले, तर आतड्याला एक बोटभर आंधळी पिशवी चिकटलेली राहते, तिची हकीकत पुढे येईल. आणि बेंबीकडचे टोक उरले, की तो लाल कोंब. त्यामुळे या कोंबाचे महत्त्व त्याच्या स्वतःच्या आकारात मुळीच नाही. घराच्या दारात दिसलेले दोरीचे टोक जसे, तसा तो आहे. दोरी टीचभरच आहे की आत विहिरीपर्यंत गेली आहे, हे टोकाकडे नुसते पाहून सांगता येत नाही.

तरीही पाहण्यासारखे बरेच असते. ग्रॅन्युलोमा गुलाबी किंवा फिकट लाल, मऊ, खडबडीत पृष्ठाचा, थोडा पाणचट स्राव असलेला. पॉलिप चेरीसारखा गडद लाल, चकचकीत, हाताला अधिक घट्ट; त्यावर सतत शेंबडासारखा चिकट पातळ थर असतो, कारण आतड्याचे अस्तर जिथे असेल तिथे आपले काम करीतच राहते. अस्तर जठराचे असेल तर ते आम्लही सोडते आणि बेंबीभोवतीची त्वचा सोलवटल्यासारखी लाल होते. ही त्वचा पाहून घरात लंगोटाला, साबणाला, तेलाला दोष दिला जातो. कोंबाच्या मध्यभागी कधी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते. ते दिसले तर ग्रॅन्युलोमाचा विचार बाजूला ठेवून बालशल्यचिकित्सकाचा रस्ता धरावा. पण ही सारी लक्षणे पुस्तकात जितकी ठसठशीत वाटतात तितकी तीन आठवड्यांच्या बाळाच्या इवल्याशा बेंबीत नसतात. अनुभवी डॉक्टरही पहिल्या भेटीत ‘बहुधा’ हाच शब्द वापरतात, आणि तो शब्द वापरणारा डॉक्टर अधिक भरवशाचा समजावा.

या दोघांतला भेद खऱ्या अर्थाने उघडा पाडते ती उपचाराची परीक्षा. ग्रॅन्युलोमावर डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची कांडी हलकेच टेकवतात. कोंब काळवंडतो, आक्रसतो; आठवड्याच्या अंतराने एक-दोनदा, फार तर आणखी एखाद्या वेळी हे करावे लागते. त्या ऊतीत संवेदना वाहणारे तंतू नसल्यामुळे बाळाला वेदना होत नाहीत. मात्र औषध बाजूच्या निरोगी त्वचेवर ओघळले तर भाजते, म्हणून हे काम दवाखान्यातच व्हावे. अलीकडे अनेक ठिकाणी साध्या मिठाचा उपायही केला जातो. चिमूटभर बारीक मीठ कोंबावर ठेवून वर स्वच्छ कापसाची घडी, अर्ध्या तासाने पुसून टाकायचे, असे दिवसातून दोनदा, थोडे दिवस. मीठ ऊतीतले पाणी ओढून घेते आणि कोंब सुकतो. लोणच्याच्या बरणीत कैरी जशी आक्रसते, तत्त्व तेच. स्वस्त आणि चांगला उपाय. पण तो ‘शेजारच्या बाळाला गुण आला’ म्हणून करण्याचा नव्हे. हा ग्रॅन्युलोमाच आहे असे डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावर, त्यांनी सांगितले तेवढेच मीठ आणि तेवढेच दिवस. तान्ह्या बाळाची त्वचा कोवळी असते आणि मीठ जास्त काळ, जास्त जागी लागणे त्याला सोसत नाही.

पॉलिप या उपायांना दाद देत नाही. आतड्याचे अस्तर ही जखम नव्हे, की जी भरून येईल. कांडी लावली की तो वरवर काळा पडतो, चार दिवसांनी पुन्हा तसाच लाल, तसाच ओला. तीन-चार आठवडे रीतसर उपचार होऊनही कोंब जागेवर असेल, तर तो पॉलिप असावा असे धरून पुढच्या तपासाला लागायचे, हा साधा नियम आहे. दुर्दैवाने इथेच घरे घसरतात. एका डॉक्टरकडे गुण आला नाही म्हणून दुसऱ्याकडे, तिथे पुन्हा तीच कांडी पहिल्यापासून. मग मामाच्या गावी गेल्यावर तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आपापल्या परीने पहिलाच असतो. डॉक्टर बदलला तरी आधीचा कागद बरोबर न्यावा, आणि याआधी कांडी किती वेळा लागली ते आपण होऊन सांगावे. तेवढ्या एका वाक्याने बाळाचे दोन महिने वाचू शकतात.

या विषयात सर्वांत घातक उपाय कोणता, तर कोंबाच्या मुळाशी दोरा आवळणे. मस किंवा चामखीळ घोड्याच्या केसाने बांधून पाडण्याची पद्धत गावोगाव ऐकू येते. त्याच चालीवर बेंबीतल्या कोंबाला रेशमी दोरा बांधण्याचा सल्ला दिला जातो. ग्रॅन्युलोमाला देठ असेल तर डॉक्टरही कधी दोरा बांधतात, हे खरे. पण ते बांधण्याआधी हा देठ आत कशाला जोडलेला नाही याची खात्री करून घेतात. घरात ती खात्री कोण देणार? उघड्या राहिलेल्या नळीतून कधी कधी आतड्याचाच भाग उलटा होऊन बेंबीबाहेर डोकावतो. तो लाल, ओला, मांसल दिसतो आणि बाळ जोराने रडले की वाढतो. काही वेळा तर दोन बाजूंना दोन शिंगे फुटावीत असा त्याचा आकार होतो. त्याला दोरा बांधणे म्हणजे जिवंत आतडे आवळणे. बाळ हिरवी उलटी करू लागते, पोट फुगते, आणि मग प्रश्न बेंबीचा न राहता प्राणाचा होतो. असा फुगवटा अचानक मोठा झाला, निळसर पडला किंवा बाळ हिरवे ओकले, तर त्या जागेवर स्वच्छ ओलसर कापड ठेवून थेट मोठे रुग्णालय गाठावे; सकाळची वाट पाहू नये.

बेंबीतून पाणी येत असेल तर तेही नीट पाहावे. बाळ रडताना, लघवी करताना थेंब थेंब स्वच्छ पाणी येते का? तसे असेल तर दोष युरेकसचा, म्हणजे मूत्राशयाकडच्या वाटेचा. अशा बाळाच्या, विशेषतः मुलाच्या, मूत्रमार्गात पुढे कुठे अडथळा आहे का हे डॉक्टर आधी तपासतात. कारण समोरचे दार अडले असेल तर पाणी मागच्या दाराने निघणारच.

आता सव्वा महिन्याची गोष्ट. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, बाळाला बाहेरचा वारा लागू नये, सोयर फिटेपर्यंत जाणे-येणे नको, या रिती अनेक घरांत आजही पाळल्या जातात. त्यांत विश्रांतीचा आणि जंतुसंसर्गापासून जपण्याचा शहाणपणा नाही असे नाही. पण बेंबीचे वेळापत्रक या रितीशी नेमके आडवे येते. नाळ साधारणपणे पहिल्या पंधरवड्यात पडते. कोंब दिसतो तो त्यानंतरच्या आठवड्यात. उपचाराची परीक्षा व्हायची ती त्यापुढच्या तीन-चार आठवड्यांत. हा सारा काळ सव्वा महिन्यात जवळजवळ बुडून जातो. आई डाग रोज पाहते, तिला काही तरी खटकत असते. पण पहिलटकरीण, माहेरी नाही तर सासरी दुसऱ्यांच्या हाताखाली, तिच्या शब्दाला तेव्हा घरात फारसे वजन नसते. ‘सव्वा महिना झाला की दाखवू’ या वाक्यापुढे ती गप्प बसते. बाळाला तपासायला नेणे हे कुठल्याही सोयरात निषिद्ध नाही. आईला जायला अडचण वाटत असेल तर आजी-आजोबांनी बाळ न्यावे, पण न्यावे. मुलगा असता तर कालच नेला असता, असे काही घरांबद्दल म्हणावे लागते, ही गोष्टही झाकून ठेवण्यासारखी नाही.

पॉलिपची शंका आल्यावर बहुधा पोटाची सोनोग्राफी होते. छिद्र असेल तर त्यातून क्ष-किरणांत दिसणारे औषध बारीक नळीने सोडून वाट कुठवर गेली आहे ते पाहतात. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे आत काही नाही, असे मात्र होत नाही. दोरीसारखा सुकलेला पट्टा किंवा छोटी पिशवी तीत सुटू शकते. म्हणूनच शल्यचिकित्सकांत इथे मतभेद आहेत. काहींच्या मते पॉलिप काढताना प्रत्येक वेळी पोटात डोकावून पाहावेच. काहींच्या मते तपासात वाट दिसली नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कोंबामागे दोर लागला नाही, तर तेवढाच काढून थांबावे. आईवडिलांनी हे आधीच विचारून घ्यावे : ‘आत काही सापडले तर आपण काय करणार?’ कारण उत्तरावर भूल किती वेळ, छेद किती आणि रुग्णालयात मुक्काम किती, हे ठरते.

शस्त्रक्रिया बहुधा बेंबीच्याच वळीत छोटा छेद घेऊन होते, दुर्बिणीनेही होते. नुसता कोंब असेल तर काम थोडक्यात आटपते. आत नळी किंवा पिशवी निघाली, तर ती आतड्याच्या लहानशा भागासह काढून आतडे पुन्हा जोडावे लागते. भूल देण्यापूर्वी बाळाचे पोट रिकामे असावे लागते. आईचे दूध साधारण 4 तास आधी बंद करायला सांगतात. उपवासाची सवय असलेल्या घरांतही हे चार तास फार जड जातात. भुकेने रडणाऱ्या तान्ह्याला पाहून आजीने मायेने पाजलेले दोन घोट भूल देताना फुप्फुसात जाऊ शकतात, आणि मग शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ते दोन घोट लपवणे तर त्याहून वाईट. काढलेला तुकडा कितीही बारीक असला तरी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला गेला पाहिजे, कारण तो आतड्याचा, जठराचा की मूत्राशयाकडचा, याचा निर्णय तिथेच होतो.

आतड्याला चिकटलेल्या त्या आंधळ्या पिशवीला ‘मेकेल्स डायव्हर्टिक्युलम’ म्हणतात. योहान फ्रिड्रिश मेकेल (1781–1833) हा जर्मनीतील हाले येथील शरीररचनाशास्त्रज्ञ. आजोबा, वडील आणि तो स्वतः, तिघेही याच शास्त्रातले. वडिलांनी तर आपला सांगाडाही संग्रहात ठेवावा अशी इच्छा सांगून ठेवली होती. ही पिशवी त्याच्याआधीही लोकांनी पाहिली होती. 1809 साली त्याने दाखवून दिले ते हे, की ती रोगाने झालेली नसून गर्भातल्या त्या जोडनळीचाच अवशेष आहे. वैद्यकाचे विद्यार्थी तिच्याविषयी दोनाचा पाढा म्हणतात : सुमारे 2 टक्के लोकांत असते, सुमारे 2 इंच लांब असते, लहान आतडे जिथे मोठ्याला मिळते तिथून सुमारे 2 फुटांवर असते, त्रास झाला तर बहुधा वयाच्या 2 वर्षांच्या आत होतो. पाढा लक्षात ठेवण्यापुरता. माणसे पाढ्याप्रमाणे जन्मत नाहीत. बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. पण तिच्यात जठराचे अस्तर असेल तर ते आम्ल सोडते, शेजारचे आतडे सोलते आणि दोन वर्षांच्या मुलाला एके सकाळी पोटात दुखत नसतानाही शौचावाटे पुष्कळ रक्त पडते. ज्याच्या बेंबीतला कोंब काढला आहे अशा मुलाला असे झाले, तर ती जुनी गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावी.

बेंबीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या जागेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा एक शल्यविशारद होऊन गेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील थॉमस कलन यांनी 1916 साली बेंबी आणि युरेकस यांची रचना व रोग यांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातील चित्रे मॅक्स ब्रोडेल या वैद्यकीय चित्रकाराने काढली. नाळ कापणे ही माणसाला शिकवावी लागलेली विद्या आहे, ही जाणीव तर त्याहून कितीतरी जुनी. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात चौदावे कुलकर नाभिराय यांच्या नावाची हीच उपपत्ती दिली आहे : त्यांच्या काळात जन्मणाऱ्या बालकांच्या नाभीला नाळ दिसू लागली, ती कापण्याचा उपाय त्यांनी सांगितला, म्हणून ते नाभी, आणि त्यांचे पुत्र म्हणून भगवान ऋषभदेव नाभेय. सुश्रुतसंहितेत नाळ बेंबीपासून आठ अंगुळे अंतरावर सूत्राने बांधून कापावी असे आहे. आजच्या प्रसूतिगृहातील चिमटा याहून बराच जवळ, त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर लागतो. नेहमीच्या नाळेला त्याने काही बिघडत नाही. पण नाळेचे मूळ अवाजवी जाड, फुगीर दिसत असेल, तर गर्भातले ते आतड्याचे वेटोळे अजून परतलेले नसण्याची शक्यता असते. अशा वेळी चिमटा लांब लावणारा हातच शहाणा.

नाळेच्या निगेबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे, आणि ते थोडेच असणे हे त्याचे वैशिष्ट्य. स्वच्छ हात, कोरडी नाळ, तिच्या खाली दुमडलेला लंगोट. वर काही लावायचे नाही. हळद, राख, तेल, पावडर, कुंकू यांपैकी काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचाही भर नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवण्यावर आहे. क्लोरहेक्सिडीन हे औषध ती सुचवते ते जिथे असले अपायकारक पदार्थ लावण्याची चाल रूढ आहे तिथल्यासाठी. राख आणि शेण लावलेल्या नाळेतून शिरणाऱ्या धनुर्वाताने या देशात असंख्य बाळे गेली. आईला लस, स्वच्छ पाते आणि रुग्णालयातली प्रसूती यांमुळे 2015 साली भारतात माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर होऊ शकले. बेंबीभोवतीची त्वचा लाल, गरम झाली, दुर्गंधी येऊ लागली, बाळ दूध ओढेनासे झाले, तर तो संसर्ग असतो आणि त्याच दिवशी दाखवावा लागतो. नाळ तीन-चार आठवडे उलटूनही पडलीच नाही, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. रडताना फुगणारी, त्वचेने झाकलेली, दाबली की आत जाणारी बेंबी हा निराळा प्रकार, हर्नियाचा; तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधल्याने तो लवकर मिटत नाही, खालची कातडी मात्र कुजते.

मोठ्या माणसाच्या बेंबीत नव्याने गाठ आली तर तिचा या साऱ्याशी संबंध नाही, आणि तिला किरकोळ समजूही नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. विल्यम मेयो यांच्या हाताखाली काम करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या ध्यानात आले होते की शस्त्रक्रियेसाठी पोट स्वच्छ करताना ज्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते त्यांच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग निघतो. त्या गाठीला आज त्यांचेच नाव आहे. लहान मुलाच्या कोंबावरून ही धास्ती घेण्याचे मात्र काहीच कारण नाही.

शस्त्रक्रियेनंतर बेंबी पहिले काही दिवस सुजलेली, वेडीवाकडी दिसते आणि आजी हळहळते. दोन-तीन महिन्यांत ती वळीत मिटून जाते, व्रण शोधावा लागतो. घरी सोडताना रुग्णालय एक कागद देते आणि नंतर आठवड्याभराने तपासणीचा अहवाल येतो. त्यांत दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत ना, हे तिथेच वाचून घ्यावे : काढलेला तुकडा कशाचा होता, आणि पोटात पाहिले की नाही, पाहिले असल्यास काय सापडले, काय काढले. हे दोन्ही कागद जन्मदाखल्याच्या पाकिटात ठेवावेत. मूल दहा वर्षांचे झाल्यावर एखाद्या रात्री पोट धरून बसले, तर तपासणारा डॉक्टर बेंबीतला पुसट व्रण पाहून हाच प्रश्न विचारील, आणि तेव्हा उत्तर आठवणीतून नव्हे, कागदावरून देता आले पाहिजे.